रघू म्हात्र्याचा रिपोर्ट

हमरापुरात रघू म्हात्र्याला वाघ म्हणत. एकोणीस वर्षांचा असताना पेणच्या मैदानावर त्याने एका चढाईत पाच गडी बाद केले होते, आणि त्या पाच गड्यांच्या भांडवलावर तो चौतिसाव्या वर्षापर्यंत वाघ राहिला होता. आता तो रोह्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा, पोट थोडं सुटलं होतं, पण मिशी मैदानावरचीच होती.

वाघाच्या घरात नऊ वर्षं पाळणा हलला नव्हता. दोष बायकोचा, पुतळीचा, हे ठरूनच गेलेलं होतं. कधी ठरलं, कोणी ठरवलं, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

पुतळी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. हात असा, की पंचक्रोशीतले मूर्तिकार तिच्यासाठी थांबत. बाकी नऊ वर्षांत तिने अंगारे खाल्ले, सोमवार केले, झाडपाल्याचे कडू काढे प्यायली. मग पेणला रक्त दिलं, सोनोग्राफी केली, नळ्यांचा तो जीव काढणारा एक्स-रेसुद्धा काढून घेतला. त्या प्रत्येक वेळी रघू बाहेर बाकावर बसून पेपर वाचायचा, आणि घरी आल्यावर आई धोंडुबाई त्यालाच पहिला चहा द्यायची. दमला असेल म्हणून.

पेणला ओळखीचं माणूस भेटतं, म्हणून पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर दोघं रोह्याच्या डॉक्टर रेचल अष्टमकरांकडे गेली. बाई मूळच्या तिथल्याच, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. भाऊबंद इस्रायलला गेले, बाई दवाखान्यासाठी राहिल्या. बोलणं अस्सल कुलाबी, आणि तेही तोडून. त्यांनी पुतळीची फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"हिचं सगळं व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "इलाज सुरू करता येईल. त्याआधी तुमची तपासणी."

रघूने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"माझी?"

"तुमचीच. वीर्य तपासायचं. फाइल चार वर्षांची आहे, एकाही डॉक्टरने सांगितलं नाही?"

सांगितलं होतं, दोघांनी. त्यानंतर रघूने ते दोन्ही डॉक्टर बदलले होते.

"मला काय झालंय, बाई? मी कबड्डी खेळलेला मानूस."

"कबड्डीचा इथे काही संबंध नाही," बाई म्हणाल्या आणि एक कागद पुढे सरकवला. तीन दिवस पथ्य पाळायचं, दारू बंद, आणि नमुना एकतर इथे द्यायचा, नाहीतर बाहेरून अर्ध्या तासात आणून पोचवायचा. पुतळी टेबलाच्या कडेकडे बघत बसली होती.  रघूला तेच जास्त लागलं.

घरी बातमी पोचली तशी मामा धावून आले. हैबतराव म्हणजे धोंडुबाईचे धाकटे भाऊ, गावच्या कबड्डी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. गेली दोन वर्षं ते रघूसाठी गागोद्याची एक मुलगी मनात धरून होते आणि पुतळीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात तिचं वर्णन करत.

"तपासू दे की!" मामा म्हणाले. "वाघाला काय भ्या? फकस्त तयारी पायजे. फायनलला उतरायच्या आदी करतो तशी."

आणि तयारी सुरू झाली. गावठी कोंबडा झाला. धरमतरच्या खाडीतल्या चिंबोऱ्या झाल्या. सकाळी चार कच्ची अंडी, शंभर जोर, थंड पाण्याची आंघोळ. गावात कोणी विचारलं तर धोंडुबाई सांगायची, "आमचा रघू परीक्षेला बसतोय." कसल्या, ते मामा सांगायचे. पंधरवड्यात रघूचं वजन तीन किलोंनी वाढलं. डॉक्टरांचा कागद शर्टाच्या खिशात धुतला गेला तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कोंबड्याने पोट भरलं, पण पोटातली भीती जाईना. कंपनीच्या बसमध्ये नागोठणं मागे पडलं की रघूला वाटायचं, आणि नापास झालो तर? नऊ वर्षं जे ओझं पुतळीच्या डोक्यावर होतं ते एका कागदाने आपल्या डोक्यावर येईल. ते किती जड आहे याचा अंदाज त्याला होता, कारण ते चढवताना त्यानेही हात लावला होता.

आणि मग त्याला सखा आठवला.

सखा कातकर त्याच्याच शिफ्टला होता, सुक्या बोंबलासारखा. रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत राहायचा. पण चार पोरं होती त्याला, ओळीने. रघूने कॅन्टीनच्या मागे त्याला गाठलं आणि इकडेतिकडे बघून काय हवं ते सांगितलं.

सख्याने हातातला चहा खाली ठेवला.

"माजं? माजं कशाला रं?"

"तुजी चार पोरं हायत. तुजं म्हंजे हुकमी."

"दुसरा कोन तरी बग ना."

"दुसऱ्याला सांगू काय माईक लावून? लंगोटीयार हायस ना माजा? बाटलीच तर भरायची."

 नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार होतं. शेवटी सखा म्हणाला, "बरं, बग बाबा. मागनं मला बोल लावू नको."

ठरल्या दिवशी पुतळी दवाखान्यात जाऊन बसली. रघू "इथं नाय जमायचं, सख्याच्या खोलीवर जातो" म्हणून गेला आणि वीस मिनिटांत बाटली घेऊन आला, छातीशी धरून, जशी मंडळाची ढाल आणावी. नर्सने बाटलीवर नाव लिहिलं, रघुनाथ म्हात्रे. पुतळीने डोळे मिटून हात जोडले. ते बघून रघूला जरा कसंतरी झालं, पण त्याने मिशीवरून हात फिरवून ते परतवलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला मामा आणि धोंडुबाईही आली. मामांनी वाटेत नागोठण्याला पेढे घेतले होते. "फक्त नवरा-बायको आत," असं नर्स म्हणाली, पण मामा तोवर खुर्चीत बसलेसुद्धा होते.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून सावकाश सांगितलं, "शुक्राणू नाहीत."

"कमी हायत?" मामा म्हणाले.

"नाहीत. एकही नाही. शून्य."

 रघूचं तोंड उघडं पडलं. त्याला विचारायचं होतं की चार पोरं मग कुठून आली, पण ते विचारण्याची सोयच त्याने ठेवली नव्हती.

"बाटलीत दोष आसंल," मामा म्हणाले. "न्हायतर मशीन जुनं आसंल. ह्यानं एका चढाईत पाच गडी..."

"मामा, तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या. मग रघूकडे वळल्या. "घाबरू नका. पुन्हा एकदा नमुना तपासू. तरी शून्यच आलं तर तिथल्याच भागातून छोटासा तुकडा काढून बघावा लागेल. भूल देऊनच काढतात."

'तिथल्याच' म्हणजे कुठल्या, हे रघूला कळलं तेव्हा त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले.

परतीच्या एसटीत मामा पुढच्या सीटवर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. गागोद्याचा विषय त्यांनी त्याच दिवशी सोडून दिला. शून्याला दुसरी बायको जोडून काही उपयोग नाही, एवढं गणित त्यांनाही येत होतं. धोंडुबाई डोळ्याला पदर लावून होती. पुतळीने रघूला खिडकीची जागा दिली.

कोलाड गेल्यावर ती हळूच म्हणाली, "तुमी मनाला लावून घेऊ नका. आत्याबाईंना आन् मामांना मी सांगते, गावात काय बोलायचं नाय. लोकं माजंच म्हनतात ना, म्हनू देत. मला आता सवय झालीय."

 पाच गड्यांनी एकदम पकड केली तरी रघूचा दम असा कधी तुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताच त्याने सख्याची कॉलर धरली.

"शून्य कसं रं तुजं? चार पोरं कुनाची मग?"

"कॉलर सोड आदी," सखा म्हणाला. आज तो घाबरला नव्हता. "पोरं माजीच हायत. धाकटीच्या येळेला बायको मरता मरता वाचली. अंगात रगत नाय उरलं. डॉक्टर म्हनाले, आता पुन्हा दिवस गेले तर जगायची नाय, आन् आपरेशन सोसायची तिच्यात ताकद नाय. मग मी गेलो कॅम्पाला. नसबंदी केली. दोन वर्सं झाली."

"मला का नाय सांगितलंस?"

"तुला? मागं पॅकिंगमदल्या काळुरामनं केली तवा त्याला बैल कोन म्हनला होता? कॅन्टीनमदी हंबरून कोनी दाखवलं होतं?"

रघूने कॉलर सोडली. हंबरून त्यानेच दाखवलं होतं, आणि सगळे हसले होते. सखाही.

"मग बाटली तरी कशाला भरून दिलीस?"

"मला काय म्हायीत, आतलं मोजतात म्हनून? मला वाटलं, बगतात आन् ठेवून देतात."

त्या दिवशी संध्याकाळी पुतळी परसात ब्रश धूत बसली होती. रघू तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगितलं. कुठेही न थांबता, श्वास रोखून एका दमात, जशी चढाई करतात. सांगून झालं तरी तिने मान वर केली नाही. एक ब्रश धुऊन झाला. दुसरा झाला.

"नऊ वर्सं," ती म्हणाली. "नऊ वर्सं मी रगत दिलं, काढे प्याले, त्या टेबलावर पाय बांदून घेतले. तुमाला एक बाटली देता आली नाय?"

रघूने धुतलेले ब्रश ओळीने लावून ठेवले.

"आन् काल एसटीत मी तुमाला खिडकी दिली. रातभर रडले मी, तुमच्यासाठी!"

"चुकलं माजं."

"चुकलं नाय, तुमी भ्यालात." तिने ब्रश आपटून पाणी झाडलं. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिचा चेहरा विचित्र झाला. "म्हंजे मी हात जोडले ते... सखाभावजींच्या बाटलीला?"

"व्हय."

ती हसायला लागली. इतकी हसली की ब्रशाचं पाणी अंगावर सांडलं. रघूही भीत भीत हसणार तोच ती थांबली. "तुमी नका हसू. उद्या बाईंना तुमी सांगायचं. आन् आत आत्याबाई बसल्यात, त्यांना आत्ता. मी सांगनार नाय."

आईला सांगणं सोपं गेलं नाही. धोंडुबाईला आधी वाटलं, मुलगा शून्यातून सुटला, म्हणून तिने देवापुढे साखर ठेवली. मग अर्ध्या तासाने तिला बाकीचं कळलं. साखरेचं काय करायचं ते तिला ठरवता येईना. शेवटी ती वाटी तिने उचलली आणि पुतळीच्या हातावर रिकामी केली. त्या दिवशी पहिला चहा सुनेला मिळाला.

डॉक्टर रेचलबाईंनी रघूचं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "माझी वीस वर्षं प्रॅक्टिस झाली. हे करणारे तुम्ही तिसरे. ते मागचं बाथरूम. कडी आतून लागते."

या वेळी कोंबडा नव्हता, चिंबोऱ्या नव्हत्या. वाघ निमूट आत गेला आणि निमूट बाहेर आला.

रिपोर्ट आला, नव्वद लाख. मामा दारातूनच ऐकत होते. "नव्वद लाख!" ते गरजले आणि पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. संध्याकाळपर्यंत हमरापुरात झालं होतं की रघू म्हात्र्याचे नव्वद लाख निघाले. दोघंतिघं तर लॉटरीची एजन्सी कुठली म्हणून विचारायला आले.

मामांनी जे ऐकलं नाही ते असं, की निदान दोन कोटी हवेत. "निम्म्याहून कमी आहेत, आणि चाल मंद आहे," बाई म्हणाल्या. "तपासताना शिरा फुगलेल्या दिसल्या. छोटं ऑपरेशन करू, तीन महिने वाट बघू, मग दोघांचा इलाज एकत्र सुरू."

"म्हंजे मी पास का नापास?" रघूने विचारलं.

"एटीकेटी," बाई म्हणाल्या. पुतळीला ते कळलं नाही, पण बाई हसल्या म्हणून तीही हसली.

सुट्टीचा अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा सुपरवायझरने कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "कसलं ऑपरेशन, म्हात्रे?" हर्निया म्हणायचं ठरलं होतं. रघूने तोंड उघडलं, समोर सखा मान खाली घालून भात कालवत होता, दोन टेबलं सोडून काळुराम बसला होता.

"मूल व्हावं म्हनून," रघू म्हणाला. "दोष माज्यात हाय. बायकोत नाय."

 कोपऱ्यातून कोणीतरी बारीक हंबरला. तेव्हा सखा उठला आणि म्हणाला, "आरं, बैल हितं बसलाय. माजं उलटं आपरेशन झालंय, दोन वर्सापूर्वी. आनकी कुनाला हंबरायचंय?" कोणी हंबरलं नाही. काळुरामने आपल्या डब्यातली तळलेली मांदेली उचलून दोघांच्या ताटात एकेक टाकली आणि पुन्हा जेवायला बसला.

ऑपरेशन झालं, मार्चमध्ये तपासण्यांचे आकडे थोडे वर सरकले आणि इलाजाची तारीख मिळाली. बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं, सहा महिने लागतील, वर्ष लागेल, कदाचित नाहीच होणार. खात्री देता येत नाही.

"खात्री कोन मागतंय, बाई?" पुतळी म्हणाली. "सुरू करा."

नर्स इंजेक्शन घेऊन आली. रघूने सुई पाहिली आणि तोंड फिरवलं. पुतळीने बाही वर केली.