नाक्याच्या पलीकडे

धाकट्या एफ्राइनच्या हृदयाचं ऑपरेशन सॅन अँटोनियोत ठरलं. वाटेत परदेशातून आलेल्यांची कागदपत्रं तपासणारा नाका होता आणि आईवडिलांकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नव्हती. लहानपणी विनाकागद आलेल्यांना मिळणारं संरक्षण थोरल्या नेरेइदाला होतं, म्हणून भावाला घेऊन तीच निघाली. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने तिचं त्या संरक्षणाचं कार्ड बघून गाडी सोडली.

ऑपरेशन चालू असताना बाहेर थांबलेल्या इतरांभोवती गोतावळा होता. ती कोपऱ्यात एकटीच बसून होती.

"काही खाल्लंस का गं?" आईने फोनवर विचारलं.

"हो, पोटभर," ती खोटंच म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. "सगळं नीट झालंय. आई कुठेय त्याची?"

"तिला येता येत नाही. मीच आहे."

तिने घरी फोन लावून सगळं नीट झाल्याचं सांगितलं. आई रडायला लागली. तिचं रडणं ऐकत नेरेइदा कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.