लिफ्टमध्ये उतरणारं पाप

सकाळी सातपासूनच आमच्या बोरीवलीच्या टॉवरखाली रांग लागायची. ही रांग लिफ्टची, कारण निर्भारानंद महाराजांचा दरबार लिफ्टमध्येच भरायचा! सोळाव्या मजल्यावर भक्ताला काट्याच्या वजनयंत्रावर उभं करायचे. शिष्य तळमजल्याचं बटण दाबायचा, महाराज गरजायचे, "पापा, उतर!" आणि काटा सत्तरावरून त्रेसष्टावर यायचा. "पाहिलंस? आता डोळे मीट आणि बाजूला हो." आमची कमिटी हात जोडून उभी. कमिटीत दोन इंजिनिअर आहेत, हे सांगताना मला लाज वाटते.

पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली मी, घरी बसून या बावळटांना हसत होते. मग एक दिवस मथुरा पेढे घेऊन दारात आली. तिच्याकडूनच मी कायम मासळी घेते. तिचा नवरा हरेश्वर हृदयाचा रोगी. अंगात पाणी साठतं, म्हणून डॉक्टरांनी रोज वजन करायला आणि गोळ्या न चुकवायला बजावलेलं.

"नलिनीबाई, एका फेरीत सात किलो गेलं यांचं! महाराज बोलले, पाणी उतरलं, गोळ्या बंद कर."

"कधीपासून बंद आहेत?"

"चार दिवस झाले."

"आणि पायांची सूज?"

"वाढलीय," ती हळूच म्हणाली.

मला तिचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. मजा बघत बसले होते मी!

"मथुरा, पारड्यात मासळी टाकल्यावर काटा हलतो. तेव्हाचं वजन सांगतेस गिऱ्हाइकाला?"

"काय बोलता बाई! काटा थांबल्याशिवाय मी पिशवीत..." तिने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून काटा स्थिर करणारी ही बाई, नवऱ्याचं वजन मात्र हलत्या काट्यावर वाचून आली होती.

ती तडक बाजारात गेली आणि पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं घेऊन आली. आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो. सोळाव्यावर तिने ती वजनं यंत्रावर ठेवली. काटा दहावर.

"याचं पाप उतरवा, महाराज."

"लोखंडाला पाप नसतं, माते!"

"मग काटा हलायचा नाय," म्हणत तिनेच बटण दाबलं. लिफ्ट निघाली आणि काटा नऊवर आला. आतले पाच भक्त वाकून बघू लागले. शिष्य यंत्र उचलायला धावला, मथुराने त्याचं मनगट धरलं. जरा वेळाने काटा परत दहावर आला, आणि खाली लिफ्ट थांबताना अकरावर गेला.

"हा तुझ्या अश्रद्धेचा भार!" महाराज ओरडले.

"लोखंडानं कसलं पाप केलं रे? आणि माझ्या नवऱ्यानं?"

मी भक्तांना समजावलं, की यंत्र फक्त आपण त्याला किती दाबतो तेवढंच दाखवतं. लिफ्ट खाली जायला वेग घेते तेव्हा तो दाब घटतो, वेग एकसारखा झाला की पूर्ववत होतो आणि थांबताना वाढतो. माणूस मात्र तेवढाच राहतो.

त्याच यंत्रावर, तळमजल्याच्या फरशीवर, हरेश्वरला बोलावून उभं केलं. चार दिवसांपूर्वी लिफ्ट निघण्याआधी काट्याने दाखवलं होतं, त्यापेक्षा पाच किलो जास्त भरले. सगळं पाणी. त्याच दुपारी इस्पितळात नेलं. "अजून दोन दिवस गेले असते तर माझ्या हातात काही राहिलं नसतं," असं डॉक्टर म्हणाले. तो वाचला.

महाराज आता दुसऱ्या टॉवरमध्ये आहेत म्हणे. तुमच्याकडे आले तर हात जोडण्याआधी एवढंच करा: काटा थांबू द्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.