हिराजीने पुसलेल्या रेघा

करावेगावच्या हिराजीने कारखान्यात तीस वर्षं छोट्या पवनचक्क्यांच्या टर्बाइनची पाती घासून आरशासारखी केली होती. आज नव्या पात्यांवर केसाएवढ्या रेघा दिसल्या, त्याही त्याने मायेने घासून काढल्या.

पात्यांची रचना करणाऱ्या सोनम मॅडमनी एक पातं उजेडात धरलं. "काका, रेघा कुठायत? त्यांच्यामुळेच वारा न अडखळता निसटतो. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या कातडीवरून घेतल्या होत्या मी. तीन महिने लागले."

हिराजीचा चेहरा उतरला. त्याचा बाप जन्मभर मुशी धरायचा. ती खरखरीत कातडी पाण्यातून कशी सुळकन जाते, हे हिराजीला कुणी सांगायला नको होतं.

"इचारायला पायजे व्हतं मॅडम. मना वाटला, मशीनचे ओरखडे हायेत."

"बाकीची पाती?"

त्याने मान वर केली नाही. "बाराच्या बारा केली. जेवायलापन नाय गेलो."