शेऱ्याचा रकाना

महावादळाचा विषय निघाला की गावात प्रत्येकाचं पत्र्याचं छप्पर उडालेलं असायचं. ज्यांच्या घरावर पत्रे नव्हते त्यांचंसुद्धा. त्रेचाळीस वर्षांत वादळ कधीच विरलं, गप्पांचा जोर मात्र तसाच. त्या गप्पांचे नायक म्हणजे हवामान केंद्राचे तेव्हाचे निरीक्षक. त्यांचं बिऱ्हाड तेव्हा केंद्रातच होतं. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला गच्चीवर जाऊन त्यांनी वाऱ्याचा वेग नोंदवला होता, आणि तो आकडा आजही पुस्तकांत छापला जात होता. कुणी कौतुक केलं की ते म्हणायचे, "मी काही केलं नाही हो." त्यावर गाव लगेच म्हणायचं, "काय हा विनय!"

आता ते हयात नव्हते. त्यांची लेक त्याच केंद्रात निरीक्षक होती, आणि उद्या दारावर बाबांच्या नावाची पाटी लागणार होती. पाटीखाली काचेत मूळ नोंदवही ठेवायची म्हणून तिनं कपाट उपसलं. वही सापडली आणि तिनं वादळाच्या दिवसाचं पान उघडलं. बाराच्या बारा नोंदी आईच्या अक्षरात! शंकेला जागाच नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात ढगांबद्दल लिहायचं असतं. तिथे लिहिलं होतं, 'दोरीवरच्या दोन चादरी गेल्या.' पुढच्या तासाला, 'दोरी गेली.' वरच्या कार्यालयात फक्त आकडे कळवायचे असतात, त्यामुळे शेरे वाचायच्या भानगडीत आजवर कुणी पडलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती वही काखोटीला मारून घरी गेली. आई मटार सोलत बसली होती.

"आई, वादळात गच्चीवर कोण गेलं होतं?"

"तुझे बाबा. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"मग अक्षर तुझं कसं?"

"त्यांचा हात मुरगळला होता. ते सांगत होते, मी लिहीत होते."

"चादरी गेल्याचंही त्यांनीच सांगितलं?"

आईनं पुढची शेंग जरा जास्तच जोरात सोलली. "पहिल्यांदा गेले होते गं ते. अर्ध्या जिन्यातून परत आले ते थेट पलंगाखाली. तू चार महिन्यांची, तुला छातीशी घट्ट धरून थरथरत होते. आकडा तर कुणीतरी घ्यायलाच हवा होता, म्हणून मी कंबर कसली. पण उद्या यातलं अवाक्षर काढलंस तर याद राख! इतकी वर्षं झाकलंय मी."

लेकीची पंचाईत झाली. खरं सांगावं तर बाबांची अब्रू जाणार, गप्प बसावं तर आईचं धाडस मातीत जाणार. दोघांपैकी कुणावर अन्याय करायचा, या विचारानं तिला रडू यायला लागलं. काही सुचेना म्हणून तिनं उगाच पान उलटलं. मागे बाबांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. तिनं त्या मोठ्यानं वाचल्या.

'आजच्या सर्व नोंदी माझ्या पत्नीने घेतल्या. मला भीती वाटली. मी पलंगाखाली होतो.'

"खाली सही आहे. तारीख त्याच दिवसाची."

"शिक्का?"

"तोही मारलाय."

आई इतकी हसली की मांडीवरचे मटार घरभर झाले. मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "आणि मी वेडी त्रेचाळीस वर्षं लोकांना थापा मारत बसले! एका शब्दानं बोलला नाही गं हा माणूस."

"पाटीवर तुझं नाव घालते," लेक म्हणाली.

"घाल. पण त्यांचं काढायचं नाही." आईनं वही ओढून घेतली आणि त्या ओळींवरून बोट फिरवलं. "वादळात वर जायला मला काही वाटलं नव्हतं. पण असं सरकारी वहीत स्वतःच्या हातानं लिहायची माझी छाती नसती झाली."