झाकण घट्ट, दिवा चालू

मी गॅरेजातला स्कॅनर बोलतोय. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की स्टिअरिंगखालच्या खाचेत माझी पिन खुपसतात आणि इंजिनाची तक्रार मी कोडमध्ये सांगतो. ती कोणाला आवडो न आवडो. मला स्वतःला काहीच वाटत नाही. कारखान्याने तशी सोयच ठेवलेली नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. खोकं उघडलं तेव्हा समोर मिस्त्रींचा चेहरा होता, एवढंच. त्यांच्या हातच्या ग्रीसने माझी बटणं इतकी काळी झालीत, की ‘हो’ कुठलं नि ‘नाही’ कुठलं ते त्यांनाच ठाऊक. काय काय पाहिलंय म्हणून सांगू! एका गाडीत उंदरीण वायरींवर बाळंत झाली होती. मी भराभर कोड दाखवत सुटलो, पिल्लामागे एक. एका गृहस्थांनी दिवा दिसू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली, आणि इंजिन जळाल्यावर चिकटपट्टीवाल्याशी भांडायला गेले.

मी कोड पुसतोही. पुसला की दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश. बिघाड आत मजेत बसलेला असतो.

मिस्त्रींची थोरली बहीण पहिल्यांदा आली, तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं होतं. ‘माझ्या दाराशी येऊ नकोस,’ असं ते तेव्हा बोलून बसले होते.

‘दाराशी नाही आले. हे शटर आहे,’ ताई म्हणाली. ‘गाडीत दिवा लागलाय, बाळ्या. बघतोस, की दुसरीकडे जाऊ?’

पन्नाशीच्या मिस्त्रींना बाळ्या म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी मला जोडलं. मी सांगितलं, पेट्रोलच्या टाकीतून वाफ गळतेय. टाकीचं झाकण सैल राहिलं तरी हाच कोड येतो. मिस्त्रींनी झाकण फिरवून पाहिलं. घट्ट. मग कोड पुसला. तोवर ताईचा चहा पिऊन झाला होता.

थोड्या दिवसांनी ताई हजर. तोच दिवा, तोच कोड. मिस्त्रींनी झाकण बदललं. मग रबरी नळी. मग व्हॉल्व्ह.

‘तुझं यंत्रच बिघडलंय,’ ताई म्हणाली.

‘यंत्र ठीक आहे. तू गाडी कमी पिदड.’

‘ते दिव्याला सांग.’

संपलं बोलणं. आजाऱ्याच्या खाटेशी उभं राहावं तशी दोघं उघड्या बॉनेटशी उभी राहायची. आईचा विषय कोणीच काढत नसे.

माझी जागा खिडकीतल्या फळीवर. तिथून फाटकाबाहेरचा रस्ता दिसतो. ताई तिथे गाडी थांबवायची, उतरायची, टाकीचं झाकण फिरवायची. टक, टक, टक. घट्ट बसल्याचा आवाज. मगच गाडी आत आणायची. म्हणजे एरवी बाई झाकण सैल ठेवूनच गावभर हिंडत होती. मला कोड वाचता येतात, चुगली करता येत नाही.

परवा मिस्त्री खिडकीशी उभे राहून माझी बटणं पुसत होते. बाहेर झालं टक, टक, टक. फडका माझ्यावरच थांबला.

ताई आत आली. ‘पुन्हा लागला बाई दिवा.’

‘हं.’ मिस्त्रींनी मला जोडलं आणि कोड न वाचताच पुसला. चहा मागवला. ती पीत होती तेव्हा ते गाडीमागे गेले, झाकण हळूच उलटं फिरवून सैल केलं आणि वरची झडप लावून टाकली.

‘काय रे, सापडलं काही?’

‘नाही. पुढच्या आठवड्यात आण. बघू.’

माझा पडदा आता अर्धा मेलाय. आकड्यांची वरची टोकं दिसत नाहीत. नवं यंत्र येईल, मी खोक्यात जाईन. त्याचंही काही वाटत नाही. जाता जाता एवढंच सांगतो: पेट्रोल भरल्यावर झाकण टक वाजेपर्यंत फिरवा. फिरवायचं नसेल, तर निदान कुणाकडे जायचंय ते ठरवून ठेवा.