हँडलची लिफ्ट

लिफ्टमनची बायको, आणि तिने जन्मात कधी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही, असं कुठे असतं का? पण होतं खरं. लग्न झाल्या झाल्या नवऱ्याने हौसेने म्हटलं, "चल, तुला वरपर्यंत फिरवून आणतो," तर ती म्हणाली, "दोरीला टांगलेल्या पेटीत मी बसायची नाही." तिथे जे अडलं ते अडलंच. हळूहळू तो विचारायचा थांबला, ती नाही म्हणायची थांबली, आणि दोघांचे केस पिकले.

त्या लिफ्टचं कौतुक मात्र तिने उभा जन्म ऐकलं. लिफ्टला बटणं नव्हती. एक पितळी हँडल होतं. ते एका बाजूला फिरवलं की लिफ्ट वर जायची, दुसऱ्या बाजूला फिरवलं की खाली, आणि मधोमध आणलं की थांबायची. आता मधोमध आणायचं म्हणजे नेमकं कधी? तिथेच तर सगळी मेख होती. हात जरा आधी आला की लिफ्ट मजल्याच्या खाली अडकणार, जरा उशिरा आला की वर लटकणार. त्यात रिकामी लिफ्ट एक वागते, भरलेली दुसरंच. पण ह्या गृहस्थांचा हात असा बसलेला की लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीला चिकटून उभी राहायची, मधल्या फटीत पैसासुद्धा उभा राहू नये. इमारतीतले सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे, आणि तोही खुशाल म्हणवून घ्यायचा.

"माझ्या लिफ्टमध्ये उभं राहून माणसाने खुशाल दाढी करावी," तो जेवताना सांगायचा.

"मग घरी मला कशाला पाणी तापवायला लावता? तिथेच करत जा," ती म्हणायची.

म्हणायची खरी, पण ऐकत असायची. त्याच्या लिफ्टमध्ये कुणाला मजला सांगावा लागत नसे. धापा टाकत धावत येणाऱ्यासाठी तो जाळीचं दार धरून ठेवायचा. चौथ्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाई किल्ल्या विसरल्या तर त्या त्याच्याच खिशात सापडायच्या. दात काढायला निघालेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यापर्यंत तो धीर देत न्यायचा, आणि तोच माणूस गाल धरून परत आला की एक अक्षर न विचारता खाली सोडायचा. आता सांगा, हे कुठल्या बटणाला जमणार आहे?

पण बटणं आली. शेजारीच नवी लिफ्ट बसली, गुळगुळीत, आरसेवाली, मजला आला की स्वतःच तोंडाने सांगणारी. एका संध्याकाळी कॅप्टन घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "उद्या माझ्या लिफ्टची शेवटची फेरी आहे. सगळ्यांच्या देखत, खालपासून पाचव्यापर्यंत. मॅनेजर म्हणाले, घरच्यांनाही आणा." आणि इतक्या वर्षांनी खाली बघत विचारलं, "येशील?"

ती धास्तावली. पेटीच्या भीतीने नव्हे. त्याच्या उजव्या हाताच्या भीतीने.

तो हात गेलं वर्षभर थरथरत होता. सारखा नाही, पण मनात आलं की थरथरायचा. सकाळी गणवेशाच्या सदऱ्याची बटणं लावताना तो मेटाकुटीला यायचा, म्हणून तिने एका दुपारी सगळी बटणं काढून टिचबटणं शिवून टाकली. "दुकानात तसली बटणंच मिळत नाहीत हल्ली," ती म्हणाली. "ही बरी आहेत," तो म्हणाला. विषय संपला. दोघांपैकी कुणी त्या हाताबद्दल ब्र काढला नाही. लिफ्टच्या बढाया तो पूर्वीसारख्याच मारत राहिला, आणि ती मनात म्हणायची, ज्या हाताने बटण लागत नाही त्या हाताने लिफ्ट सरळ लागते होय?

आणि आता सगळ्यांच्या देखत! लिफ्ट वीतभर खाली लटकली तर? ह्या माणसाने आयुष्यात दुसरं काही मिरवलं नाही. ना घर, ना गाडी. एवढी एक गोष्ट मिरवली. निरोपाच्या दिवशीच नाक कापलं गेलं तर हा पुन्हा मान वर करायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"येते," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. त्याला काय कल्पना, बाईच्या डोक्यात काय शिजतंय ते! तिने ठरवलं होतं, लिफ्टमध्ये त्याला खेटून उभं राहायचं, आणि थांबायची वेळ आली की "अगं आई गं!" करून त्याचा हात गच्च धरायचा. मग लिफ्ट वाकडी लागली तरी लोक काय म्हणतील? कॅप्टनची बायको भित्री, तिने घोटाळा केला. म्हणू देत. हसू देत बाईला. त्याच्या हातावरचा ठपका टळला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर ही गर्दी. मॅनेजरने भाषण केलं, फुलांचा गुच्छ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. कॅप्टन इस्त्रीच्या गणवेशात ताठ उभा होता. तिने ठेवणीतले कपडे घातले होते, आणि आतून जीव नुसता टांगणीला लागला होता. शेवटच्या फेरीला आत कोण? तर हिशेबनीस बाई, तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, किटली घेऊन चहावाला, आणि ही.

"काकू, घाबरायचं नाही हं," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या खुर्चीपेक्षा बरीच असेल," ती म्हणाली, आणि सगळे हसले. तीही हसली, आणि सरकून हँडलशेजारी उभी राहिली.

कॅप्टनने बसायचं स्टूल उचलून बाहेर ठेवलं. जाळी ओढली. हँडलवर हात ठेवला, आणि तिने पाहिलं, हात थरथरत होता.

लिफ्ट निघाली. पहिला मजला जाळीतून खाली सरकला. दुसरा. तिला वाटलं होतं पेटी हिंदकळेल. तसलं काही नाही. जुन्या लाकडाचा आणि घासलेल्या पितळेचा वास येत होता, आणि मजले आपले शहाण्यासारखे एकामागून एक जात होते. तिसरा. चौथा गेला आणि तिने हात उचलला. आता धरायचा, आत्ता.

तेवढ्यात तिचं त्याच्या तोंडाकडे लक्ष गेलं. तो हँडलकडे बघत नव्हता, मजल्याकडेही बघत नव्हता. मान जराशी कलती करून तो ऐकत होता. दोरांचा आवाज, वजनाचा आवाज, काय असेल ते. असा चेहरा तिने घरी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं हा माणूस दिवसभर असा दिसत होता, आणि आपण हट्टापायी बघायला आलो नाही, ह्याची तिला एकदम चुटपुट लागली. त्याचं काम त्याने करावं. वाकडं तर वाकडं. आपण कोण त्याच्या हातातून ते काढून घेणारे? तिने हात खाली घेतला.

लिफ्ट थांबली. तिने भीत भीत खाली पाहिलं. फरशीला फरशी! सूतभरसुद्धा फरक नाही. तिला वाटलं ओरडावं, नाचावं.

कॅप्टनने जाळी उघडली. हिशेबनीस बाई पुढे झाल्या, त्यांनी पाय चांगला गुडघ्यापर्यंत उचलला, तो अधांतरी पडला, आणि त्या धडपडल्या. त्यांना सावरायला डॉक्टर निघाले, तर त्यांनीही तसाच पाय उचलला आणि तेही ठेचकाळले. मागून चहावाला. त्याचीही तीच गत, किटलीतला चहा त्याच्या चपलेवर. समोर सरळ सपाट जमीन, आणि तिघेही उंच उंबरा ओलांडावा तसे पाय टाकत बाहेर आलेले.

कॅप्टनने फरशीकडे पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे.

"पाय का उचललेत?" त्याने विचारलं.

तिघेही चहा सांडलेल्या चपलेकडे बघू लागले.

"मी विचारतोय, पाय का उचललेत?"

"सवय झाली हो, कॅप्टन," हिशेबनीस बाई पुटपुटल्या.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं असेल," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलंत?"

"ठरवलं नाही कुणी," चहावाला चप्पल झटकत म्हणाला. "जो तो आपापला उचलत होता. कुणी नवा माणूस असला तर त्याला मागून कोपर मारायचं, एवढंच."

कॅप्टनचा चेहरा उतरला. "मला वाटायचं, लिफ्ट बोट-दोन बोटंच खाली राहतेय. कुणाच्या ध्यानात येत नसेल." मग तो बायकोकडे वळला. "आणि तुला? तुला ठाऊक होतं?"

आता खोटं बोलून काय होणार होतं? "तुमचा चहाचा कप मी वर्षभर अर्धाच भरते," ती म्हणाली. "तुम्ही दोनदा मागता, मी दोनदा देते."

तो जाळीला टेकला. तिला वाटलं, संपलं. फरशीला फरशी लागूनही आजच सगळं गेलं.

तेव्हा हिशेबनीस बाई बोलल्या, आणि चांगल्या खणखणीत बोलल्या. "कॅप्टन, मला नववा महिना होता तेव्हा मी रोज ह्याच लिफ्टने वर येत होते. एकदा तरी मला पाय उचलायला लावलात का? नाही ना? मग वर्षभर आम्ही उचलले, तर हिशेब कुठे चुकला ते दाखवा मला."

"आणि माझे पेशंट?" डॉक्टर म्हणाले. "निम्मे तुम्ही आणून सोडलेत म्हणून टिकले. नाहीतर जिन्यावरूनच पळाले असते."

कॅप्टनने रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग मान वर केली. आणि बायको बघतच राहिली, कारण ती मान तिला वाटली होती त्याहून ताठ होती. बढाई मारणाऱ्याची नव्हे. आपल्यासाठी कुणीतरी वर्षभर मुकाट्याने पाय उचलले, हे कळलेल्या माणसाची.

"चला, आत या सगळे," तो म्हणाला. "खाली जायचंय. आणि ऐका. खाली पोचल्यावर कुणी पाय उचललेला दिसला, तर त्याला परत जिन्याने वर पाठवीन."

"लिफ्ट वाकडी लागली तर?" चहावाल्याने विचारलंच.

"तर पडाल," कॅप्टन म्हणाला. "पण नाही लागणार."

सगळे आत आले. हँडलवरचा हात अजून थरथरत होता, आणि आता तो दिसतच नाही असं कुणी दाखवत नव्हतं. त्यानेही लपवला नाही. मजले वर सरकत गेले, आणि लिफ्ट थांबली. जाळी उघडली. तळमजल्यावरची गर्दी जवळ सरकली.

लिफ्टमधल्या कुणी फरशीकडे पाहिलं नाही. पहिलं पाऊल कोण टाकणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा जिने जन्मभर त्या लिफ्टचं तोंड पाहिलं नव्हतं ती पुढे झाली. मान वर, नजर समोर, पाय जमिनीवरून न उचलता, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यावं तशी ती सरकत आली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. पायाला काही लागलं नाही. ती गर्दीच्या मधोमध थांबली आणि मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, मी बाहेर कधी आले ते कळलंसुद्धा नाही!"