केझायाचा पाण्याचा मग

आमचे भावोजी झेडॉक कामाला मठ्ठ, पण पळायला वाघ. बाबांच्या कारखान्यात ओली कातडी उचलायला सांगितली की लगेच कंबर धरून बसायचे. तेच घोड्याशी पैज लावली, की घोड्याच्या मालकाने तोंड लपवावं असे धावायचे. बॉस्टनपर्यंतच्या सगळ्या पळणाऱ्यांना त्यांनी धूळ चारली होती. घरी मात्र पाहुण्यासारखे यायचे आणि जेवून जायचे.

आता होबोकनच्या मैदानावर दहा मैलांची शर्यत होती. जिंकेल तो अमेरिकेचा चॅम्पियन, त्याला चांदीचा पट्टा, आणि वर्षभर इंग्लंडात जाऊन धावायचं. इकडे माझ्या ताईला, केझायाला, सातवा महिना लागलेला.

"जाऊ नका हो," ती म्हणाली.

"अगं, आधी जिंकू तर दे!"

"आणि हरलात तर?"

"तर जन्मभर तुझ्या बापाच्या कारखान्यात कातडी घासेन. शप्पथ!"

भावोजींचा वस्ताद होता टिलसन. पळताना पाण्याचा थेंब पोटात गेला की पाय जड होतात आणि गडी संपतो, हे त्याचं ठाम मत. म्हणून अर्धकच्चं मांस, जुलाब आणि ब्रँडी. हे ज्ञान आमच्याकडे पाद्र्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. ताईलाही.

सातव्या मैलाला भावोजी झोकांड्या खाऊ लागले. खाणारच, दर मैलाला ब्रँडी पाजलेली. पण गडी थांबेना, आणि त्याच्यापुढे एकच पळणारा होता, तोही काही फार पुढे नव्हता. तेव्हा ताई कठड्यापाशी गेली आणि पाण्याचा मग पुढे केला.

"प्या."

"पाणी?" टिलसन पलीकडून किंचाळला. "अगं बये, बुडवलंस त्याला!"

"बुडू देत," ताई माझ्या कानात म्हणाली. "घरी तरी येतील."

भावोजींनी मग रिकामा केला, दुसरा मागितला, तोही ढोसला. आणि मेला माणूस असा सुटला, की शेवटी पुढच्याला मागे टाकून हसत हसत दोरी ओलांडली. ब्रँडी उशिरा चढली, असं टिलसन सगळ्यांना सांगत सुटला.

जहाज सुटायच्या वेळी भावोजींनी सगळ्यांदेखत ताईचे हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. "सगळे नको म्हणत होते, तू पाजलंस. माझ्यावर एवढा विश्वास कुणी ठेवला नाही, केझाया."

ताई जहाज दिसेनासं होईपर्यंत पोटावर हात ठेवून उभी राहिली.

"ब्रँडीच पाजायला हवी होती गं," ती म्हणाली.